चार-पाच दिवस एकटीने जाऊन नुसतं पडून राहायचंय, कुठे जाऊ?

निवांत_हवंय
नमस्कार मंडळी, इथे बरेच महिने नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीला राहते, वय ४६, एका सहकारी बँकेत काउंटरला. सासऱ्यांना पॅरालिसिस झाला होता, गेली दोन-अडीच वर्षं ते अंथरुणावरच होते. दिवसा बाई यायची पण रात्रीचं सगळं मी आणि नवरा, म्हणजे रात्री दोनला कूस बदलायची, चारला डायपर, सहाला नळीतून फीड, मग आंघोळ डबे आणि आठ दोनची लोकल. गणपतीच्या आधी ते गेले. भेटायला आलेले सगळे म्हणाले सुटले बिचारे, आणि मग माझ्याकडे बघून, तूही सुटलीस गं. खरं सांगते, सुटल्यासारखं काही म्हणजे काही वाटत नाहीये. अजून रात्री दोनला टक्क जाग येते, मी उठून त्यांच्या खोलीपर्यंत जाते आणि दारात पोचल्यावर आठवतं की कॉट परत गेली, भाड्याची होती. ऑफिसात कॅश टॅली करताना तीच ओळ चार वेळा वाचते. मुलगी बारावीला आहे, तिच्यावर विनाकारण खेकसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते.

परवा नवऱ्याला म्हटलं मला कुठेतरी जायचंय. तो लगेच, अगं चल की, सगळेच जाऊ, केरळचं पॅकेज बघतो. वाईट नाहीये तो, पण मला एकदम भरूनच आलं, कारण सगळे जाणार म्हणजे बॅगा मी भरणार, सासूबाईंच्या गोळ्या मी लक्षात ठेवणार, त्यांच्यासाठी बिनतिखटाचं काय मिळतंय ते हॉटेलवाल्याला मी विचारणार आणि हाऊसबोटीत बसून सगळ्यांचे फोटोही मीच काढणार. मला फिरायचंच नाहीये हो. मला झोपायचंय. कोणीतरी केलेलं जेवायचंय आणि ताट तिथेच ठेवून उठायचंय.

तर प्रश्न असे की डोंबिवलीहून सहा-सात तासांत पोचता येईल असं काय आहे, नोव्हेंबरमध्ये, बजेट पंधरा हजारापर्यंत, मासे चालतात (पळतात). एकट्या बाईला रूम देतात का, मी आयुष्यात एकटी एक रात्रही लॉजवर राहिलेली नाही. आणि घरी काय सांगायचं. सासूबाई तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण वर्ष व्हायच्या आत सून फिरायला गेली हे बाकीच्यांच्या तोंडून त्यांच्या कानावर येणारच. यंदा दिवाळीही नाहीये आमच्याकडे.

खालचा_पाट
ताई, गुहागरला या. मी तिथलाच, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे धरून चाला, पण कारणं देतो.

गुहागर म्हणजे एकच लांबलचक आळी आहे, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, एका बाजूला खालचा पाट, दुसऱ्या बाजूला वरचा पाट, आणि पश्चिमेकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या उतरत सुरुच्या बनातून थेट समुद्रापर्यंत. बघायला फार काही नाहीच, आणि तुमच्या दृष्टीने हाच फायदा. तारकर्ली-मालवणला गेलात तर रिक्षावाल्यापासून जेवण वाढणाऱ्यापर्यंत प्रत्येक जण विचारणार की स्कुबा केलं का, किल्ल्यावर गेलात का, डॉल्फिन बघितले का. इथे तुम्ही दिवसभर पडवीत लोळलात तरी कोणाला काही वाटत नाही.

दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मात्र येऊ नका. पुण्याच्या गाड्यांनी आळी भरलेली असते आणि रात्री अकरापर्यंत पोरं अंगणात बॅडमिंटन खेळतात. शाळा सुरू झाल्या की या, आणि रविवारी येऊन गुरुवार-शुक्रवारी परत फिरा. शनिवार-रविवार कोकणात विश्रांतीला येणं म्हणजे दादर स्टेशनवर डुलकी काढायला जाणं.

राहायचं घरगुती ठिकाणी, जिथे मालक त्याच आवारात राहतात अशा. फोनवर सरळ विचारायचं की तुम्ही तिथेच राहता का, एका माणसाचं जेवण करता का (काही जण चार ताटांच्या खाली चूल पेटवत नाहीत), लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिवे असतात का. चारही उत्तरं ज्या बाईने फोनवर न कंटाळता दिली तिच्याकडे बुकिंग करायचं, रूमचे फोटो नंतर बघा. साधी रूम साधारण हजार-दीड हजारात मिळते, एसी हवी तर त्याच्या वर, नोव्हेंबरात एसीची गरज नाही. जेवणाचे वेगळे. तुमच्या बजेटात आरामात बसतं, उरतील थोडे. फक्त पाटातली बरीच घरं शाकाहारी आहेत, म्हणजे घावन, आंबोळी, कुळथाचं पिठलं, मोदक हे सगळं घरात, माशासाठी बाहेर खानावळीत जावं लागेल. त्या आहेत, चांगल्या आहेत.

समुद्रात एकटीने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, ओहोटीला तर नाहीच. बाकी किनारा लांबच लांब आहे, चालत राहा.

बाबूराव_कल्याण
सगळे लगेच जा जा म्हणून सांगतील म्हणून मी उलटं लिहितो, राग मानू नका. तुमचे कष्ट मान्य, दोन-अडीच वर्षं रात्रीचं करणं सोपं नाही. पण ज्या बाईचा नवरा तीन महिन्यांपूर्वी गेला ती बाई तुमच्या घरात बसलेली आहे. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये सासूबाई दोनदा आल्या, एकदा बिनतिखट जेवणात आणि एकदा लोक काय म्हणतील त्यात. तुम्ही पाच दिवस गेलात तर त्या दिवसभर कोणाशी बोलणार? नवरा ऑफिसात, नात क्लासला. आमच्या आईला वडील गेल्यावर घरातल्या रिकामेपणाचाच त्रास जास्त झाला होता. आणि आपल्या आया-आज्यांनीही असंच सगळं केलं, त्या कुठे एकट्या रूम घेऊन राहिल्या?

आजोळ
बाबूराव, सासूबाईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण आया-आज्या कुठे गेल्या हे विचारू नका, यादी देते. माझी आजी दरवर्षी उन्हाळ्यात महिनाभर माहेरी जायची आणि त्या महिन्यात ती चुलीसमोर बसत नसे, तिची वहिनी बसू देत नसे. बाळंतपणाला माहेरी, मंगळागौरीला माहेरी. शेजारच्या काकू आषाढीला वारीला जायच्या, घरात सुना-नातवंडं असताना, आणि त्यांना कोणी विचारायचं नाही की एकट्याच कशा. आम्ही काय केलं, तर माहेरपण बंद केलं (माझ्या माहेरी वन बीएचके आहे आणि वहिनी माझ्याहून दमलेली आहे), वारीला रजा मिळत नाही, आणि बदल्यात काहीच ठेवलं नाही. निवांत, तुला माहेर आहे का गं असं विचारणारच होते, पण असतं तर तू इथे विचारलं नसतंस.

सासूबाईंबद्दल मला असं वाटतं की त्यांनाही कुठेतरी जाऊ दे ना. त्यांना बहीण असेल, मुलगी असेल. तेच पाच दिवस त्या तिकडे, तू इकडे. त्यांनाही त्याच घरात त्याच रिकाम्या खोलीसमोर बसून राहायला आवडत असेल असं कशावरून? आणि लोकांना सांगायचं झालं तर डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय म्हणायचं. हा शब्द काढला की कोणी पुढे विचारत नाही, ज्यांना पूर्वी टीबी माहितीये ते तर अजिबात नाही :)

भातखाचर
एकट्याला रूम देतात का याबद्दल लिहितो, कारण मी पुरुष आहे आणि मला नाकारलीय. आमच्या कंपनीत कपात झाली, मी यादीत नव्हतो पण माझ्या टीममधली निम्मी माणसं गेली आणि त्यांना ते सांगायचं काम माझ्याकडे. ते संपल्यावर एका थंड हवेच्या ठिकाणी बुकिंग न करता गेलो. पहिल्या लॉजवर विचारलं फॅमिली मागून येतेय का. नाही म्हटल्यावर रूम फुल. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणच्या म्हाताऱ्या मॅनेजरने खरं सांगून टाकलं, साहेब एकटा माणूस, बॅग लहान, दारू मागत नाही, फिरायला गाडी मागत नाही, आम्हाला भीती वाटते, मागे एकदा पोलिसांचं लफडं झालेलंय. मग त्याने माझ्याकडून बायकोचा नंबर घेतला, तिला फोन लावला, तुमचे मिस्टर इथे आलेत हे तुम्हाला माहीत आहे का म्हणून खात्री केली आणि मग किल्ली दिली. बायको अजून हसते. पण विचार केला तर त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं.

तात्पर्य असं की आधी बुकिंग करा, फोनवरच सांगा की एकटी येतेय, विश्रांतीसाठी येतेय, मिस्टरांचा नंबर देऊन ठेवते. आधार कार्डची झेरॉक्स दोन बरोबर ठेवा. किंवा सरळ एमटीडीसी बघा, ऑनलाईन बुकिंग होतं, दारात उलटतपासणी होत नाही, आणि बायकांसाठी अधूनमधून सवलतीचे दिवस असतात ते त्यांच्या साईटवर बघून घ्या. पुढच्या वेळी मी त्यांच्याच भंडारदऱ्याच्या रिसॉर्टला गेलो, धरणाच्या पाण्याला लागूनच आहे. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जून, तिकडे फिरकू नका, रात्री बारा वाजता ट्रॅफिक जॅम असतो.

पण नोव्हेंबरात सुंदर. भात कापून झालेलं असतं आणि खळ्यावर झोडणी चालू असते. पहिला दिवस मला अजिबात बसवेना, फोनला रेंज कमी म्हणून रेंज शोधत हिंडत होतो, म्हणजे ज्याच्यापासून पळालो त्याच्याच मागे. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या खाली एका खळ्याजवळ दगडावर बसलो. एक आजोबा भाताची पेंडी दोन्ही हातांनी उचलून फळीवर आपटत होते, चार-पाच फटके, मग पेंढी उलटी करून दोन, मग बाजूला. दाणे उडून माझ्या बुटात येत होते. अर्धा तास मी ते बघत होतो आणि त्या अर्ध्या तासात डोक्यात एकही ईमेल नव्हता. मग ते म्हणाले बसून काय ऱ्हायलाय, त्या पेंढ्या तिकडं टाका. टाकल्या. रात्री हात इतके खाजत होते की सांगता सोय नाही, पण झोप लागली.

दहा_दिवस_मौन
इगतपुरीला धम्मगिरीला विपश्यना करा. कल्याणहून थेट गाडी आहे, राहणं जेवण फुकट, कोर्स पूर्ण झाल्यावर इच्छा असेल ते दान. फोन जमा करून घेतात, कोणाशी बोलायचं नाही, बायकांची राहायची सोय पूर्ण वेगळी, त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्नच नाही. माझं आयुष्य बदललं त्याने.

भातखाचर
@दहा_दिवस_मौन मीही केलंय, आदर आहे, पण या ताईंना आत्ता नका पाठवू. पहाटे चारला घंटा होते, दिवसात दहाएक तास बसायचं, आणि नव्या माणसाला संध्याकाळी फक्त फळं-चहा. ज्या बाईची दोन-अडीच वर्षं रात्री दोन, चार, सहाला उठण्यात गेली तिला परत चारला उठवायचं? शिवाय ते दहा दिवस आहेत, आधीचा-नंतरचा धरून बारा. त्यांच्या फॉर्ममध्येही मानसिक तब्येतीबद्दल नीट विचारतात, ते उगाच नाही. विपश्यना म्हणजे कष्टाचं काम आहे, विश्रांती नाही.

दहा_दिवस_मौन
हे मान्य. सहा महिन्यांनी करा मग.

सिस्टर_नाईट_ड्युटी
मी नर्स आहे, बरीच वर्षं आयसीयू आणि आता घरी जाऊन पेशंट बघते, त्यामुळे तुमच्यासारख्या सुना, मुली, बायका रोज भेटतात. जागेबद्दल बाकीचे सांगतायत, मी दोन-तीन वेगळ्या गोष्टी सांगते.

रात्री दोनची जाग ही सवयीची आहे तशी ती वयाचीही असू शकते. ४६ वर्षं म्हणजे पाळी जायच्या आधीचा काळ, त्यात अशी मध्यरात्री जाग येणं, घाम येऊन उठणं, एकदम चिडणं, एकदम रडू येणं हे खूप जणींना होतं आणि आपण सगळं टेन्शनवर ढकलतो. जायच्या आधी एकदा गायनॅककडे जाऊन या, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी बारा, डी एवढं तपासून घ्या. आजारी माणसाचं करणाऱ्या बाईने स्वतःचं रक्त कधी तपासलेलं नसतं, हे मी पैज लावून सांगते.

दुसरं, तिकडे गेल्यावर पहिले दोन दिवस बरं वाटेलच असं नाही. डोकं दुखेल, सर्दी होईल, अंग मोडून येईल, दिवसा चार-चार तास झोप येईल आणि रात्री टक्क जागे. माझ्या एक पेशंटची मुलगी वडील गेल्यावर कुठेतरी गेली आणि दुसऱ्या दिवशी घाबरून परत आली की मला तिथे जास्तच आजारी वाटतंय. घाबरायचं नाही. क्रोसिन आणि तुमच्या रोजच्या गोळ्या बरोबर ठेवा, झोपेची गोळी मात्र सासऱ्यांच्या उरलेल्या औषधांतून काढून घेऊ नका. हो, मी असं बघितलंय म्हणूनच लिहितेय. ती उरलेली औषधं घरातून काढूनच टाका.

आणि तिसरं स्पष्टच विचारते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असं वाटतंय का की कशातच जीव रमत नाही, जेवणाला चव नाही, आपण नसलो तर काय बिघडणार आहे? याला उत्तर हो असेल तर ट्रिप नंतर, आधी डॉक्टर. एकट्याने अनोळखी ठिकाणी जाणं अशा वेळी चांगलं नाही. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. नाव सांगावं लागत नाही.

निवांत_हवंय
सिस्टर, तुमची पोस्ट ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचली. नाही, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मला जगायचा कंटाळा नाही आला, मला उठायचा कंटाळा आलाय. काल ताटात पापलेट होतं तर दोन खाल्ले, म्हणजे चवही आहे. पण घाम येऊन उठणं, हो, ते आहे. गायनॅकची शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. औषधांचा डबा अजून कपाटात आहे, आज काढते.

बाबूराव, राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग रात्री सासूबाईंजवळ जाऊन बसले आणि म्हटलं आई, तुम्हाला ताईंकडे जावंसं वाटतं का (माझी नणंद, नाशिकला असते). तर त्या म्हणाल्या मी तुला कधीची विचारणार होते पण तुला वाटेल आता काम संपलं तर ही निघाली. दोघी एकमेकींना सांभाळत बसलो होतो असं दिसतंय. नणंदेला फोन केला, ती पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जाते म्हणाली.

आता राहिली मुलगी आणि नवरा.

म्युनिकची_माई
राहिली मुलगी आणि नवरा :D ते जगतील गं.

मी मूळची सांगलीची, गेली बरीच वर्षं जर्मनीत. इथे याला चक्क सरकारी नाव आहे, कुअर म्हणतात. दमलेल्या आयांना डॉक्टर फॉर्म भरून देतो आणि तीन आठवडे समुद्रकाठी किंवा डोंगरात अशा खास घरात पाठवतात, मुलं लहान असतील तर मुलांसकट, किंवा एकटीला. खर्च आरोग्य विमा करतो, आपण दिवसाला दहा युरो भरायचे. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांनाही मिळतं, म्हणजे तू इथे असतीस तर अगदी हक्काने मागितलं असतंस. यामागची संस्था १९५० साली तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने, एली हॉइस-क्नाप यांनी सुरू केली, युद्धानंतर बायकांचे जे हाल होते ते बघून. अर्ज पहिल्या फटक्यात नामंजूरही होतो बरं का, मग पुन्हा पत्र लिहायचं, इथे पत्राशिवाय काही हलत नाही.

मी गेले होते तेव्हा माझ्या सासूबाईंना सोलापूरला फोनवर समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. आजारी नाहीस तर दवाखान्यात कशाला, आणि दवाखाना आहे तर समुद्रावर कसा. शेवटी नवरा म्हणाला, आई, ती सरकारी खर्चाने माहेरपणाला गेलीय. लगेच कळलं त्यांना.

तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं ते तुला सांगते. घरी फोन दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, आणि फोनवर घरातले प्रश्न सोडवायचे नाहीत. मोजे कुठे आहेत या प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाही. मला तीन दिवस हे जमेना. तिथून मी फ्रिजमध्ये डाव्या कप्प्यात काय आहे ते सांगत बसायचे.

आजोळ
वरचं फोनचं अगदी महत्त्वाचं. आपण गेलो तरी घर आपल्याच हातात ठेवतो. निवांत, जायच्या आधी एक कागद फ्रिजवर चिकटव, गॅसचा नंबर, दूधवाला, कामवाल्या बाईचा नंबर, मुलीच्या क्लासच्या वेळा, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण. डबे मात्र करून ठेवू नकोस. पाच दिवसांच्या पोळ्या लाटून फ्रीझ करून जाणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्या तिकडे पोचेपर्यंतच मेलेल्या असतात. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रं काय कमी आहेत? पंधरा हजारातले हजार-दीड हजार घरच्यांच्या जेवणाला काढ आणि विषय संपव.

आणि एकदम पाच दिवस धाकधूक वाटत असेल तर आधी एक रात्र माथेरान कर ना. नेरळपर्यंत लोकल, पुढे टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथून आत गाड्यांना बंदीच. चालत जा नाहीतर अमन लॉजवरून मिनी ट्रेनची शटल आहे. हॉर्न नाही हीच मोठी गोष्ट. सोमवार ते गुरुवार जायचं. लाल मातीने पाय मेंदी लावल्यासारखे होतात, पांढरी सलवार नेऊ नकोस, आणि माकडांसमोर पर्स उघडू नकोस.

बाबूराव_कल्याण
नाशिकची व्यवस्था झाली हे वाचून बरं वाटलं. माझं म्हणणं एवढंच होतं. जा आता खुशाल. जमलं तर येताना कोकम आगळ आणा, इथे मिळतं त्यात पाणीच जास्त.

समुद्रपक्षी
मध्येच बोलतेय, गुहागरच्या ऐवजी वेंगुर्ला का नाही? मासे खाणारी बाई आणि तिला पाटात पाठवताय, काय हे. वेंगुर्ल्याला घरगुती ठिकाणी सकाळी घावणे-चटणी, दुपारी बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भात, परत भात. काळ्या वाटाण्याची उसळ. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार, वाटलं तर जायचं नाहीतर घरातूनही पेटीचे सूर ऐकू येतात. मी तर म्हणते विश्रांती पोटातून सुरू होते.

खालचा_पाट
समुद्रपक्षी, वेंगुर्ल्याशी जेवणात भांडणार नाही :) पण त्यांनी सहा-सात तास म्हटलंय. कुडाळला उतरून पुढे रिक्षा किंवा एसटी म्हणजे पूर्ण दिवस जातो, आणि रात्रभराच्या दशावताराने कोणाची झोप भरून निघत नाही. पुढच्या खेपेला जाऊ देत.

निवांत_हवंय
ठरलं, गुहागर. माथेरानचाही विचार केला, पण एका रात्रीसाठी बाहेर पडले तर घरचे म्हणतील झालं ना आता. जायचं तर एकदाच.

काल घरी बोलले. मुलगी म्हणाली आई जा, मी मॅगी करू शकते. नवरा दोन मिनिटं गप्प बसला आणि मग विचारलं माझ्यावर चिडून जातेयस का. नाही म्हटलं. तो म्हणाला मग मलाही असं जायचंय एकदा, मी पण रात्री उठायचो ना. खरंच आहे, चारचं डायपर बहुतेक वेळा त्याचंच असायचं. तर पुढच्या वर्षी त्याचा नंबर, भातखाचर तुमच्या भंडारदऱ्याला पाठवते, पेंढ्या टाकायला.

खालचा_पाट, दोन ठिकाणी फोन केले तुमचे चार प्रश्न विचारून. पहिलीकडे एकाच माणसाचं जेवण परवडत नाही म्हणाले. दुसरीकडच्या काकूंनी सगळं सांगितलं आणि वर विचारलं, तुम्हाला सकाळी उठवायचं का? मी नको म्हटल्यावर म्हणाल्या बरं, नाश्ता झाकून ठेवीन. तिथेच पैसे पाठवले.

आता प्रवासाचं सांगा. मांडवी, कोकणकन्या, तुतारी, दिवा-सावंतवाडी, यातली कुठली?

खालचा_पाट
मांडवी. सकाळी ठाण्याला चढायचं, डोंबिवलीहून लोकलने ठाणे, दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत चिपळूण. गाडीत खायला भरपूर मिळतं, डबा नका आणू. कोकणकन्या रात्रीची आहे, चिपळूणला अपरात्री सोडते, एकट्या बाईने त्या वेळी स्टेशनवर उतरून एसटीची वाट बघण्यात काही अर्थ नाही. तुतारी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, त्यात लोक तारखेला फसतात, शनिवारी रात्री जायचं असेल तर तिकीट रविवारचं काढावं लागतं, आणि तीही पहाटेच पोचवते. दिवा-सावंतवाडी तुम्हाला जवळची पण जनरलच्या गर्दीत बसून सगळी स्टेशनं घेत जायचं, दमायला होतं.

रिझर्वेशन हल्ली साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, म्हणजे तुमच्या तारखा आत्ताच उघड्या आहेत, आजच बघा. मिळालं नाही तर तत्काळ, आदल्या दिवशी सकाळी एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. लेडीज कोटाही चेक करा. येताना-जाताना दोन्ही तिकिटं एकदम काढून टाका, म्हणजे तिकडून लवकर पळून यायचा मोह होत नाही.

चिपळूण स्टेशन गावाबाहेर वालोप्याला आहे. बाहेर रिक्षा असतात, एसटी स्टँड सांगायचं. स्टँडवरून गुहागरच्या गाड्या दिवसभर आहेत, साधारण पंचेचाळीस किलोमीटर, वळणाचा रस्ता, गाडी लागत असेल तर पुढची सीट धरा. बायकांना एसटीत अर्ध तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, कंडक्टरने विचारायच्या आधीच सांगा. उतरायचं कुठे ते काकूंना विचारून ठेवा, स्टँडपर्यंत जायचं की आधी, कारण पाटातली घरं लांब पसरलीयत आणि बॅग घेऊन उगाच चालत बसाल.

मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी संध्याकाळी सांगावे लागतात.